सीपी असलेल्या मुलांचा व्यायाम: ताणून घ्यायचा की करू द्यायचा?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे, सातारा-सांगलीच्या पट्ट्यात काम करते. माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात ती सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे सीपीची मुलं. आईवडील बहुतेक वेळा एकच प्रश्न घेऊन येतात, "मॅडम, दिवसातून किती वेळा पाय ताणायचे?" त्याबद्दल सविस्तर लिहायचं कधीपासून मनात होतं, कारण हा प्रश्नच बदलायला हवा असं माझं ठाम मत आहे.

आधी थोडं मूळ सांगते. सीपीत इजा झालेली असते मेंदूला, बाळ पोटात असताना, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात. बाळ उशिरा रडलं, दिवस भरायच्या आत झालं, कावीळ मेंदूपर्यंत चढली, मेंदूज्वर झाला, अशी कारणं असतात. कधी कधी कारण सापडतच नाही. ही इजा पुढे वाढत नाही, पण मूल वाढतं. हाडं लांब होतात, कडक स्नायू त्या वेगाने लांब होत नाहीत. मग चौथ्या वर्षी सरळ दिसणारा गुडघा दहाव्या वर्षी वाकलेला दिसतो. घरच्यांना वाटतं आजार बळावला. खरं तर शरीर वाढलेलं असतं आणि स्नायू मागे पडलेले असतात.

आता आपल्याकडचा नेहमीचा व्यायाम. मूल उताणं, एकजण खांदे धरतो, दुसरा पाय फाकवतो, मूल किंचाळतं, आई तोंड फिरवून डोळे पुसते. असं वर्षानुवर्षं चालतं. नुसतं ताणून सांधे मोकळे राहतात का, याचा मोठा आढावा कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये घेतला. सांध्याच्या हालचालीत लक्षात येण्याजोगा फरक त्यातून पडत नाही, असं त्यात दिसलं. ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये सीपीच्या उपचारांची सिग्नलसारखी वर्गवारी केली. मुलाने स्वतः हालचाल करायची, ठरवलेलं काम पुन्हा पुन्हा करून शिकायचं, घरचा नीट आखलेला सराव, दमसास वाढवणारे व्यायाम, हे सगळं हिरव्यात आलं. मूल निपचित आणि थेरपिस्ट हलवतोय, हा प्रकार त्यात खाली गेला. २०२२ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात: ध्येय मुलाने आणि घरच्यांनी निवडावं, काम तुकड्यांत न शिकवता पूर्ण करून घ्यावं, आणि जिथे ते काम रोज करायचंय तिथेच सराव व्हावा.

म्हणजे काय ते सांगते. एक लहान मुलगी, दोन्ही पाय कडक, हात धरून टाचा उचलून चालणारी. तिला काय हवं होतं? देवघरातली घंटा स्वतः वाजवायची होती. मग देवघरासमोर स्टूल ठेवलं. स्टुलावर बसायचं, दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेले, दोन पावलांत वीतभर अंतर. पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईपर्यंत, आणि मग उठायचं. घंटा वाजवायची आणि हळू, अगदी हळू खाली बसायचं. धपकन बसलं की ती खेप धरायची नाही, हा नियम तिनेच केला. टाच उचलायला लागली की आईचं बोट घोट्यावर, धरायला नव्हे, आठवण द्यायला. जमायला लागल्यावर स्टूल काढून चौरंग ठेवला. बैठक खाली गेली, मांड्यांना आणि कुल्ल्यांना जास्त काम पडलं. नंतर पाठीवर दप्तर आलं, त्यात एक पुस्तक, मग दोन. त्या घरात आरती लांबायला लागली, पण कोणाची तक्रार नव्हती.

पूर्वी असं मानत की सीपीत ताकदीचे व्यायाम दिले तर स्नायू अजून कडक होतात. ती भीती १९९० च्या दशकापासूनच्या अभ्यासांत खोटी ठरली आहे. कडक स्नायू ताकदवान असतो असंही नाही, तो बहुतेक वेळा कमजोरच असतो. ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोन ते चार वेळा, मधे एक दिवस विश्रांती, एका खेपेला ६ ते १५ वेळा, आणि शेवटच्या दोन-तीन वेळा जड जाव्यात इतका भार. दोन-तीन महिन्यांच्या आत फरक मोजायला जाऊ नका.

हे सगळं सरसकट नाही. सीपीच्या हालचालींच्या १ ते ५ पातळ्या मानतात. पहिलीतलं मूल आधाराशिवाय चालतं, जिने चढतं. तिसरीतलं वॉकर घेऊन चालतं. पाचवीतल्याला मान सावरायलाही मदत लागते. आपल्या मुलाची पातळी कोणती हे डॉक्टरांना किंवा फिजिओला विचारून घ्या. एवढं कळलं तरी निम्मी धावपळ वाचते.

आपापले अनुभव आणि प्रश्न लिहा. वेळ मिळेल तशी उत्तरं देईन.

सांजवारा

ताई, वाचताना डोळे भरून आले. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, दोन्ही पाय कडक. फिजिओकडे जायचं म्हटलं की रिक्षातच रडायला लागतो. आम्हाला सांगितलंय की रडू दे, ताणलं नाही तर पाय आखडतील. तुम्ही म्हणता ताणून फरक पडत नाही. मग बंद करू का? बंद केलं आणि पाय खरंच आखडले तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही.

कृष्णाकाठ

सांजवारा, एकदम काही बंद करू नका. पाय आखडू नयेत यासाठी प्रयत्न हवेतच, फक्त मार्ग वेगळा. स्नायूला लांबी हवी असेल तर तो बराच वेळ सौम्य ताणात राहावा लागतो. हाताने मिनिटभर ओढून ते होत नाही. त्यासाठी एएफओ, म्हणजे आपण ज्याला पायाचे प्लास्टिकचे बूट म्हणतो ते, गुडघा सरळ धरून ठेवणारे पट्टे म्हणजे गेटर, उभं राहण्याची फ्रेम, आणि गरज पडली तर थोड्या थोड्या दिवसांनी बदलायचं प्लास्टर. स्वतः उभं राहता न येणाऱ्या मुलांसाठी फ्रेममध्ये दिवसाला ६० ते ९० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस, असं प्रमाण सांगितलं जातं. ते एकदम करायचं नाही, तुकड्यांनी करायचं, आणि समोर टेबल लावून. टेबलावर कणकेचा गोळा, रंग, जेवणाचं ताट, काहीही. नुसतं भिंतीकडे तोंड करून उभं केलं तर कोणतंही मूल रडेल.

आणि रडण्याबद्दल. दुखण्यातून मूल एकच गोष्ट शिकतं, की अंग आणखी घट्ट करायचं. घाबरलं की कडकपणा वाढतो, हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल. तुमच्या फिजिओंशी बोला. त्यांना सांगा, आम्हाला एक काम निवडायचंय, तो स्वतः करेल असं. मुलालाही विचारा त्याला काय करायचंय. बहुतेक फिजिओ आनंदाने तयार होतात. रोज एकाच तऱ्हेने काम करण्याचा त्यांनाही कंटाळा येतो.

बोटॉक्स, म्हणजे कडक स्नायू सैल करणारं इंजेक्शन, घेतलं असेल किंवा घ्यायचं ठरलं असेल तर एक लक्षात ठेवा. त्याचा परिणाम साधारण तीन-चार महिने राहतो. स्नायू सैल झालेला असताना त्या काळात कसून सराव केला तरच सुईचे पैसे वसूल होतात.

कल्याण_फास्ट

माझ्या मुलाची उजवी बाजू कमी चालते. उजवा हात मुठीत, कोपरात वाकलेला. सगळं डाव्याने करायचा, उजवा हात जणू त्याचा नव्हताच. ओटीच्या, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या मॅडमनी सांगितलं, चांगल्या हातावर मोजा चढवा आणि खेळू द्या. आम्ही रोज ठरलेल्या वेळी डाव्या हातावर मोजा चढवायचो आणि पुढ्यात मटारच्या शेंगा. सुरुवातीला शेंग उचलतानाच घामाघूम. राग यायचा, शेंगा फेकायचा. मग आजी समोर बसायची आणि मुद्दाम हळू सोलायची. तिच्याआधी आपलं झालं पाहिजे म्हणून पठ्ठ्या जोर लावायचा.

नंतर मॅडम म्हणाल्या, आता मोजा पुरे, दोन्ही हातांची कामं द्या. बाटलीचं झाकण उघडणं, सोऱ्यात पीठ भरणं, चेन लावणं. त्याला हवी होती बॅट. उजव्या हाताने दांडा नुसता धरून ठेवायचा, ताकद डाव्याची. आता सोसायटीत दोन्ही हातांनी बॅट धरून उभा राहतो. आऊट झाला तरी बॅट सोडत नाही, ही आता सोसायटीची तक्रार आहे.

कृष्णाकाठ

कल्याण_फास्ट, अगदी नमुनेदार केलंत. या दोन्ही पद्धती, चांगला हात थोडा वेळ झाकणं आणि दोन्ही हातांचा सराव, हिरव्या सिग्नलच्या आहेत. किती सराव लागतो याचाही अभ्यास झालेला आहे. बॅट धरणं, बटण लावणं असं एखादं ठरलेलं काम सुधारायला साधारण १४ ते २५ तासांचा सराव लागतो. एकूण हाताचा वापर सुधारायचा तर ३० ते ४० तास. आठवड्यातून दोनदा अर्धा तास क्लिनिकमध्ये जाऊन हे तास कधी भरणार? म्हणून मटार, सोऱ्या, चेन. मोजा मात्र नेमून दिलेल्या वेळेपुरता आणि कोणीतरी समोर असतानाच घालायचा.

नीलमोहोर

मेलबर्नहून लिहितेय. आमची लेक पाचव्या पातळीची आहे. तिच्या व्यायामाचा विषय निघाला की इथले डॉक्टर आधी खुब्याचा एक्स-रे काढायला सांगतात. इथे व्हिक्टोरिया राज्यातल्या सीपीच्या मुलांचा मोठा अभ्यास २००६ मध्ये छापून आला. एकूण ३५% मुलांचा खुबा सरकलेला होता. पहिल्या पातळीत एकाचाही नाही, पाचव्या पातळीत ९०% मुलांचा. आणि सरकताना बऱ्याचदा दुखत नाही, कळतच नाही. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून सीपीच्या मुलांची नियमित तपासणी सुरू झाली आणि तिथे खुबा पूर्ण निखळण्याचं प्रमाण दहातल्या एकावरून जवळपास नाहीसं झालं.

भारतात सुट्टीला आले की नात्यातल्या, ओळखीतल्या लोकांना विचारते, एक्स-रे काढलाय का? बहुतेकांना कोणी सांगितलेलंच नसतं. पाय फाकवण्याचे व्यायाम जोरात चालू असतात आणि खुबा कुठे आहे हे कोणी पाहिलेलं नसतं.

कृष्णाकाठ

नीलमोहोर, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मंडळी, हा प्रतिसाद दोनदा वाचा.

आपल्याकडेही इंडियन अकॅडमी ऑफ सेरेब्रल पाल्सीने लहान मुलांच्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेबरोबर खुब्याच्या तपासणीच्या सूचना काढलेल्या आहेत. कुठल्याही जिल्हा रुग्णालयात निघेल असा साधा एक्स-रे आहे. त्यात हाडाचा गोळा वाटीबाहेर किती टक्के गेलाय ते मोजतात. ३०% च्या पुढे गेला की लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडे जायलाच हवं. जे मूल चालत नाही त्याचा खुबा सरकण्याचा धोका सगळ्यात जास्त, आणि नेमक्या त्याच मुलाला "चालत नाही तर एक्स-रे कशाला" म्हणून मागे ठेवलं जातं. याचा मला फार त्रास होतो. डायपर बदलताना एक मांडी कमी फाकत असेल, एक पाय आखूड दिसत असेल, तर थांबू नका.

प्रश्नचिन्ह

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने शेत विकून सीपीच्या मुलाला स्टेम सेल (मूळ पेशी) दिले. आता दुसरीकडे ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये बसवायला सांगतायत. त्याने फरक पडतो का?

कृष्णाकाठ

ऑक्सिजन चेंबरचा मोठा अभ्यास कॅनडात झाला, २००१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. १११ मुलं होती. निम्म्यांना दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन दिला, निम्म्यांना किंचित दाबातली साधी हवा. दोन्ही गट सारखेच सुधारले. म्हणजे चेंबरच्या ऑक्सिजनचा वेगळा असा काही फायदा दिसला नाही.

स्टेम सेलबद्दल आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या सूचना स्पष्ट आहेत. रक्ताच्या वगैरे ठराविक आजारांत मान्य असलेलं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं अजून संशोधन आहे, ते मंजूर चाचणीतच व्हायला हवं. आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. कोणी सीपीसाठी स्टेम सेलचे पैसे मागत असेल तर तिथेच उत्तर मिळालं. त्या कुटुंबाला कृपा करून हे पोचवा. उरलेल्या पैशांत मुलाला नीट मापाची खुर्ची, बूट आणि वॉकर येईल.

ऋतुगंध

सगळं वाचते आहे. पण एक काळजीचा शब्द. माझ्या मुलाला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, स्नायू हळूहळू झिजत जाण्याचा आजार. "अपंग मुलांनी ताकदीचे व्यायाम करावेत" असं कोणीतरी अर्धवट वाचून आमच्यावर लादतं. नात्यातल्या एकांनी त्याला जिने चढ-उतार करायला लावली होती. दोन दिवस पोटऱ्या दुखून झोपला नाही.

कृष्णाकाठ

ऋतुगंध, हे अगदी वेळेवर लिहिलंत. मी वर जे ताकदीबद्दल लिहिलं ते सीपीसाठी. ड्युशेनमध्ये स्नायूचं आवरण टिकवून धरणारं डिस्ट्रोफिन हे प्रथिनच नसतं. जड भार, आणि विशेषतः ज्यात स्नायू ताणला जाताना काम करतो ते, म्हणजे जिना उतरणं, उतारावरून धावणं, उड्या, यांनी स्नायूचे तंतू तुटतात. अशा मुलांना हलका, न थकवणारा व्यायाम: पोहणं, सपाटीवर किंवा मदतीने सायकल. शिवाय रात्री पाय सरळ धरून ठेवणारे स्प्लिंट. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी दुखत असेल तर तो जास्त झाला. लघवी चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

स्पायना बायफिडाच्या, म्हणजे पाठीचा कणा जन्मतःच नीट न जुळलेल्या मुलांचं आणखी वेगळं. पायाला संवेदना कमी असते, त्यामुळे जखम झालेली कळत नाही, रोज तळवे बघावे लागतात. म्हणून आजाराचं नाव आणि व्यायाम यांची जोडी बघितल्याशिवाय कोणाचंही पाहून करू नका, माझं वाचूनसुद्धा.

दोनकाठ्या

मी स्वतः सीपी असलेला माणूस. वय चौतीस, पुण्यात नोकरी करतो, दोन काठ्यांवर चालतो. इथे सगळे पालक आणि तज्ज्ञ बोलतायत म्हणून लिहावंसं वाटलं.

माझ्या आईवडिलांनी माझ्यासाठी जिवाचं रान केलं. शाळा सुटली की व्यायाम, रविवारी व्यायाम, मे महिन्यात मामाकडे न जाता व्यायामाचं शिबिर. खिडकीतून वाड्याच्या अंगणातला लगोरीचा आवाज यायचा. सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर, हा काठ्यांशिवाय कधी चालणार. ते झालं नाही. त्याच्या आड बाकीचं किती राहिलं हे कोणी मोजलं नाही. मला मित्र कॉलेजात गेल्यावर मिळाले, आणि ते मिळाले कारण मी लांबच्या अंतरासाठी व्हीलचेअर घेतली. त्याआधी एका तासाच्या वर्गातून दुसऱ्या वर्गात पोचेपर्यंत मी इतका दमायचो की कोणाशी बोलायला त्राण नसायचं.

घंटेची गोष्ट आवडली. पण घंटा वाजवायला शिकवताना उद्या तिच्या लग्नाच्या पत्रिकेपर्यंत सगळं व्यायामाचं निमित्त करू नका. काही गोष्टी नुसत्या करू द्या.

कृष्णाकाठ

दोनकाठ्या, तुमचा प्रतिसाद मी माझ्या इथे येणाऱ्या पालकांना वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

तुम्ही म्हणता ते सीपीच्या क्षेत्रातल्या मोठ्या माणसांनीही मांडलंय. कॅनडातल्या रोझेनबॉम आणि गोर्टर यांनी २०१२ मध्ये लिहिलं की मुलाच्या उपचाराकडे सहा बाजूंनी बघा: कामं करता येणं, कुटुंब, अंगातला दम, मजा, मित्र आणि पुढचं आयुष्य. चालणं हा पहिल्या मुद्द्याचा एक तुकडा. आपण त्यालाच सगळा डोंगर करून ठेवतो.

सीपीत चालायला इतरांपेक्षा दुप्पट-तिप्पट शक्ती लागू शकते. घरात काठ्या आणि शाळेत खुर्ची, यात हार कसली? खुर्ची दिली की मूल चालायचं सोडून देतं, ही भीती मी रोज ऐकते. मला दिसतं ते उलट: मधल्या सुट्टीला पोचणारं मूल संध्याकाळी घरी चालायलाही तयार असतं. आणि पालकांनो, एक विनंती. आठवड्यात एक दिवस व्यायामाला पूर्ण सुट्टी द्या. मे महिन्यात मामाकडे पाठवा. तिथे विहिरीच्या काठावर बसून पाण्यात पाय हलवले तर तेवढं पुरे.

फक्त एका ठिकाणी मी थोडी वेगळी आहे. कोणत्या पातळीचं मूल किती पुढे जाईल याचे आलेख २००२ पासून उपलब्ध आहेत. बसणं, उभं राहणं, चालणं अशा मोठ्या हालचालींच्या क्षमतेचा सुमारे ९०% भाग पाचव्या वर्षापर्यंत येतो, तीव्र सीपीत त्याही आधी. त्यामुळे पहिल्या काही वर्षांत मी पालकांच्या मागे लागते, आणि लागणार. पण तेव्हाही ते खेळातच असावं, हे कबूल.

मास्तर_झेडपी

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. वर्गात सीपीचा एक मुलगा आहे, व्हीलचेअरवर. पीटीच्या तासाला तो बाकावर, सगळ्यांचे दप्तर सांभाळायला. हे मला बघवेना. अपंग हक्क कायदा २०१६, कलम १६ वाचलं. शाळेने अशा मुलांना शिक्षणाबरोबर खेळाची आणि करमणुकीचीही संधी इतरांच्या बरोबरीने दिली पाहिजे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मुख्याध्यापकांना दाखवलं, ते लगेच हो म्हणाले. अडचण कायद्याची नव्हती, काय खेळायचं हे कोणाला माहीत नव्हतं.

मग बोचिया सापडला. १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे, सीपीच्या खेळाडूंसाठीच सुरू झालेला. बसून खेळायचा. एक पांढरा चेंडू पुढे टाकायचा, मग एकाकडे ६ लाल, दुसऱ्याकडे ६ निळे. ज्याचा चेंडू पांढऱ्याच्या जवळ तो जिंकला. खरा चेंडू २७५ ग्रॅमचा चामड्याचा असतो, महाग. आम्ही जुन्या मोज्यांत ज्वारी भरली, किराणा दुकानात वजन करून घेतलं, वरून लाल आणि निळं कापड शिवलं. सगळा वर्ग जमिनीवर बसून खेळतो, तो खुर्चीवरून. नेमबाजीत त्याचा हात कोणी धरत नाही. हातातली मूठ उघडून वेळेवर सोडणं त्याला जड जायचं, आता सोडतो.

मुलांना आमच्या सांगली जिल्ह्याच्या मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगतो. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले, उपचार म्हणून पोहायला सुरुवात केली, आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक आणलं.

कृष्णाकाठ

मास्तर, वा! ज्वारीचा मोजा ही तर फार मोठी देणगी आहे, मी उद्याच शिवायला घेते. ज्यांना हाताने टाकताच येत नाही त्यांच्यासाठी बोचियात उतरता पन्हाळ वापरतात. अर्धा कापलेला पीव्हीसी पाइप चालेल. चेंडू पन्हाळीत ठेवून डोक्याने किंवा हाताच्या पाठीने ढकलायचा, दिशा मुलाने सांगायची.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या व्यायामाच्या सूचनांत अपंग मुलांचा पहिल्यांदा वेगळा उल्लेख केला. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल, आणि आठवड्यातून ३ दिवस ताकदीचं काम. इतर मुलांना जे सांगितलं तेच. जमेल तेवढ्यापासून सुरुवात करावी, थोडंसं केलेलंही उपयोगी, असंही त्यातच लिहिलंय. क्लिनिकमध्ये हे ६० मिनिटं कधीच भरणार नाहीत. शाळेचं मैदान लागणारच.

कल्याण_फास्ट

कागदपत्रांचं थोडं लिहून ठेवतो, कोणाला उपयोग होईल. पहिलं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, सरकारी रुग्णालयातून. अपंगत्व ४०% किंवा जास्त असेल तर बहुतेक योजना लागू होतात. दुसरं, राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही काही प्रमाणात बसतो. सीपी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांनाच मिळते. तिसरं, जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, सगळे डीईआयसी म्हणतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरहूनच सुरू झाला होता. फिजिओ, वाचा, कान-डोळे एका छताखाली, आणि मोफत. मुंबईत हाजी अलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, बूट आणि कॅलिपर तिथे बनतात.

शिबिरात खुर्ची वाटतात तेव्हा मूल बरोबर न्या आणि माप घ्यायला लावा. आम्हाला एकदा मोठ्या माणसाची खुर्ची मिळाली होती, मुलगा त्यात बुडून जायचा. परत देऊन दुसरी मागितली, वेळ लागला, पण मिळाली.

धुळ्याची_आजी

मी नातवाला सांभाळते, सून कामावर जाते. दीड वर्षाचा आहे, मान आता कुठे धरतोय. मी रोज तेल लावून मालिश करते, पाय ओढून सरळ करते. माझ्या सासूने सगळ्या पोरांचं तसंच केलं. आता तुमचं वाचून हात थांबलेत. करू की नको?

कृष्णाकाठ

आजी, मालिश जरूर करा. तुमच्या हाताने त्याला बरं वाटतं, झोप लागते, अंग सैल होतं. फक्त ओढू नका. पाय सरळ होत नसेल तर जिथपर्यंत सहज जातो तिथेच थांबायचं. अशा मुलांची हाडं कधी कधी नाजूक असतात.

मालिश झाली की त्याला पालथं घाला, छातीखाली धोतराची किंवा लुगड्याची घडी, आणि समोर तुम्ही स्वतः. तुमचा चेहरा बघायला तो मान वर करेल, तोच त्याचा व्यायाम. दमला की लगेच उचला, दिवसातून थोडं थोडं बरेचदा करा. जेवताना आडवा ठेवून भरवू नका, ठसका लागतो. मांडीवर टेकून बसवा, मान किंचित पुढे. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंतींना टेकवून, बाजूंना उशा लावून बसवलंत तर हात मोकळे राहतात. मग पुढ्यात वाटी-चमचा द्या. आपटू द्या. आणि खुब्याचा एक्स-रे सुनेच्या कानावर घाला.

धुळ्याची_आजी

वाटी-चमचा दिला. शेजारीण तक्रार करते आवाजाची, करू दे. सून म्हणाली सोमवारी सिव्हिलला जाऊ. त्याला नवीन बूट दिलेत पायाला, काढले की घोट्यावर लाल होतं. हे असंच असतं का?

कृष्णाकाठ

बूट काढल्यावर घड्याळ बघा. लाली २०-३० मिनिटांत गेली तर काळजी नाही. त्यानंतरही राहिली, किंवा फोड, कातडी सोलल्यासारखं दिसलं, तर बूट घालू नका आणि सोमवारी बरोबर घेऊन जा. ज्यांनी बनवला तेच आतून घासून जागा करून देतात. आत सुती मोजा हवा, शिवण नसलेला, सुरकुती न पडता ओढून घातलेला. टाच पूर्ण मागे टेकल्याशिवाय पट्टा लावू नका, बहुतेक लाली तिथूनच येते.